दारूबंदी जिल्ह्यात दारू सोडताना

गेल्या वर्षी जुलैचा पहिला सोमवार. ठिकाण वर्ध्याचं कोर्ट. रक्कम वीस हजार रुपये, रोख नव्हे, बंधपत्राची. हजर माणसं चार: मी, माझी बायको संगीता, समुद्रपूरहून आलेला तिचा धाकटा भाऊ सुधाकर, आणि सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकारी मॅडम. न्यायाधीश आणि वकील धरले तर सहा, पण ते दोघं पुढच्या प्रकरणाच्या घाईत होते.

प्रकरण थोडक्यात सांगतो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. नदीच्या पुलापलीकडे दुसरा जिल्हा लागतो, तिथे नाही. मी स्कूटरच्या डिक्कीत पलीकडून बाटल्या आणत होतो. त्या दिवशी एक तिथेच संपवली आणि येताना पुलाजवळचं पोलिसांचं लोखंडी बॅरिकेड आडवं केलं. माणूस कोणी मध्ये नव्हता, हे माझं नशीब. बॅरिकेडचे दोन पाय वाकले, त्याचा खर्च मी भरला. पहिलाच गुन्हा, वय एक्कावन्न, पिपरी मेघेला पाइप आणि मोटारपंपांचं दुकान, हे सगळं बघून न्यायाधीशांनी शिक्षा न देता एक वर्षाच्या देखरेखीवर सोडलं. अटी दोन. उपचार घ्यायचे आणि दारूला हात लावायचा नाही. एक जरी मोडली तर मला शिक्षा भोगावी लागणार आणि जामीनदार म्हणून वीस हजार सुधाकरकडून वसूल होणार.

सही करण्याआधी सुधाकरने पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊजी, मी सही करून राह्यलो ते ताईसाठी. तुमच्यासाठी नाई. समजून घेजा."

मी समजून घेतलं. तो खोटं बोलत नव्हता.

हे लिहायचं कारण असं की, दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर आर्वीकडचा एक शेतकरी होता. मी घरी निघालो तेव्हा त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, "भाऊ, घरी गेल्यावर पुढं काय होते?" मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

निदान

दवाखान्यात जाईपर्यंत मी दारूला सवय म्हणत होतो. चहाची असते तशी. डॉक्टर तरुण होते, कागदावर चौकोन आखून प्रश्न विचारत होते. किती वर्षांपासून, सकाळी लागते का, हात थरथरतात का. मग विचारलं, रोज किती?

"एक क्वार्टर," मी सांगितलं. आकडा सांगायला मी कचरत नाही.

मागच्या खुर्चीवरून संगीता म्हणाली, "डॉक्टर, ते अर्धं सांगून राह्यले."

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "काळजी करू नका ताई, आम्ही तसंही दुप्पट लिहितो."

तिघंही हसलो. मग त्यांनी पेन ठेवलं आणि सांगितलं की हा आजार आहे, ह्याला औषध आहे, आणि तो पुन्हा उलटू शकतो. मला पहिलं वाक्य आवडलं, तिसरं आवडलं नाही. संगीताला तिन्ही आवडली असावीत, कारण घरी निघेपर्यंत तिने डोळ्याला पदर लावला नाही. तिला वाटत होतं की मी तिचं ऐकत नाही, म्हणजे मला तिची किंमत नाही. डॉक्टरांनी तिला तिथेच सांगितलं की तिच्या बोलण्याने हा आजार बरा होणार नव्हता, जसा बोलण्याने टायफॉइड जात नाही.

एक गोष्ट नीट सांगून ठेवतो. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. मी एकदा तसं केलं होतं आणि झटका येऊन मोरीत पडलो होतो. दवाखान्यात जावं. लाज तिथे जाईपर्यंतच वाटते, आत सगळे तसलेच असतात.

वॉर्ड

पहिले तीन दिवस वाईट. घाम, उलट्या, अंगात कापरं. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या भिंतीवरून माझ्या दुकानातले पाइप चालत जाऊ लागले. अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची, रांगेने. मी ते मोजत होतो आणि संगीताला सांगत होतो की पाऊण इंचीचा माल जुळत नाही. तिने नर्सला बोलावलं. नर्सनी इंजेक्शन दिलं आणि जाताना संगीताला म्हणाल्या, ह्यांचं बरं आहे, मागच्या खाटेवाल्याला साप दिसत होते.

मला त्या वेळी हसू आलं नव्हतं. मी मरणार आहे असं वाटत होतं, आणि मरण्यापेक्षा वेडा होऊन जगण्याची भीती जास्त होती. चौथ्या दिवशी पाइप गेले. पाचव्या दिवशी मी शर्टाची बटणं माझी मी लावली. वाचणाऱ्याला ही लहान गोष्ट वाटेल. गेली दोन वर्षं माझी बटणं संगीता लावत होती आणि दुकानात मी टी-शर्ट घालून जात होतो.

मग दिनक्रम बसला. सकाळी गोळ्या, चहा, व्यायाम, नाश्ता. पोह्यांवर तर्री नसे, त्याबद्दल रोज तक्रार होई. मग एक ताई येऊन सगळ्यांना गोल बसवत आणि बोलायला लावत. दुपारी कॅरम. स्ट्रायकर हरवलेला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण वापरायचो. झाकण हलकं असल्यामुळे राणी कोणाचीच जात नसे. खेळ फार लांबायचा, आणि आम्हाला तेच हवं होतं.

फोनमधली मॅडम

घरी आल्यावर पहिल्या भेटीत परिविक्षा मॅडमनी विचारलं, मोबाइल चांगला आहे का? एका संस्थेने देखरेखीवरच्या लोकांसाठी ॲप काढलं होतं. घेणं सक्तीचं नव्हतं. पण घेतलं तर दर आठवड्याला त्यांच्या ऑफिसात जाण्याऐवजी महिन्याला एकदा जावं लागणार होतं. दुकान डोळ्यांसमोर आणून मी हो म्हटलं.

माझ्या मुलीने, पल्लवीने, ते फोनवर टाकून दिलं. ती नागपूरला नोकरी करते आणि त्या काळात माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. हे कामाचं होतं. ॲप सकाळ-संध्याकाळ विचारणार: आज मद्यपानाची ओढ किती वाटते, शून्य ते दहा? गोळी घेतानाचा व्हिडिओ पाठवायचा. जोखमीच्या ठिकाणी गेलो की फोन वाजणार आणि निरोप दोघांना जाणार, मॅडमला आणि मी निवडलेल्या साथीदाराला. साथीदार म्हणून मी सुधाकरचं नाव दिलं. जामीन त्याचा होता, तेव्हा खबरही त्यालाच असावी असा मी विचार केला.

मग जोखमीची ठिकाणं. ॲप ती नकाशावरून आपोआप शोधतं. चक्र फिरलं आणि पडद्यावर आलं: "आपल्या परिसरात मद्यविक्रीची दुकाने: शून्य. अभिनंदन! आपण सुरक्षित परिसरात राहता."

संगीताने ते मोठ्याने वाचलं. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. पल्लवीही हसली. कित्येक महिन्यांनी त्या दोघी माझ्यासमोर एकत्र हसत होत्या, म्हणून मीही हसलो. "पुण्या-बंगलोरवाल्यांनो," संगीता डोळे पुसत फोनला म्हणाली, "एक डाव आमच्या गल्लीत येऊन पाहा."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे दुकान नसतं, पण दारू असते. कोणाच्या गोठ्यात, भंगाराच्या मागे, पानठेल्याच्या खोक्याखाली, कुठे दारात तुळस असलेल्या चांगल्या घरात. मोहाची, देशी, इंग्रजी, तीनही. नकाशाला ही ठिकाणं माहीत नसतात. पिणाऱ्याला असतात.

मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ठिकाणं तुम्हीच भरा. जागेवर उभं राहून "इथे" असं बटण दाबायचं.

नकाशा

काम हाती घेतलं की मी ते अर्धवट करत नाही. बॅरिकेडला धडकल्यापासून स्कूटर बंद होती, म्हणून तीन दिवस सकाळी पायी फिरलो. लांबून बटण दाबलं तर ठिकाण चुकेल, म्हणून प्रत्येक दारासमोर जाऊन, फोन छातीशी धरून, हिरवा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबलो. आत कोण आहे ते पाहिलं नाही. एक-दोघांनी ओळखून मान हलवली, मीही हलवली. मी जिथून कधी ना कधी घेतली होती ती सगळी ठिकाणं लावली. तेवीस झाली. माझ्या घरापासून बाजारापर्यंत लाल वर्तुळांची माळच तयार झाली.

यात दोन चुका झाल्या. दुसरी पुढे सांगतो. पहिली अशी की प्रत्येक ठिपक्याभोवती ॲप एक वर्तुळ आखतं, ते मी धरलंच नव्हतं. आमच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. त्याचं वर्तुळ भिंत ओलांडून आमच्या अंगणात आलं होतं, आणि अंगणाच्या त्या कोपऱ्यात आमचा संडास आहे.

पहिल्याच सकाळी आत बसलो आणि फोन ओरडला: "आपण जोखमीच्या ठिकाणी आहात. थांबा. दीर्घ श्वास घ्या." श्वास घेण्यासारखी ती जागा नव्हती. मिनिटाभरात समुद्रपूरहून सुधाकरचा फोन.

"भाऊजी, कुठं हाय?"

"घरीच आहे."

"घरी नाई. मोबाइल सांगून राह्यला, अड्ड्यावर हाय. खरं सांगा."

"संडासात आहे."

 तो म्हणाला, "ताईले फोन द्या." मी म्हटलं, आत्ता कसा देऊ? दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज कडक होता. तुम्ही रोज सकाळी त्याच वेळी त्याच अड्ड्यावर दहा मिनिटं का जाता, ह्याचा लेखी खुलासा द्या. मी लेखी खुलासा दिला. त्यांनी तो वाचताना मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. शेवटी खूप गंभीरपणे म्हणाल्या की ते वर्तुळ लहान करता येतं, आणि तोवर फोन बाहेर ठेवून जात जा.

घरातलं

मजा होती, पण सगळी मजाच नव्हती. संगीता रोज संध्याकाळी मी दुकानातून आलो की जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घ्यायची. मी तोंड फिरवलं तर तिला वाटे प्यायलो, नाही फिरवलं तर मला अपमान वाटे. दुकानातून यायला उशीर झाला की ती फाटकाशी उभी. आमचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, आणि मला तपासनाक्यावरून घरात शिरल्यासारखं वाटायचं.

तिला मी ओढीबद्दल काही सांगत नव्हतो. विचारलं की म्हणायचो, ठीक आहे. ॲपला मात्र आकडा खरा द्यायचो. चुकीचा आकडा लिहिणं मला जमत नाही, मग तो कोणाला का असेना. पाच, सहा, एखाद्या दिवशी आठ. आठवड्याचा हिशेब सुधाकरकडे जायचा. एकदा त्याने सहज ताईला विचारलं, भाऊजींचा मंगळवार आठवर गेला होता, काही झालं होतं का?

तिने मला जेवायला वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "मंगळवारी मी विचारलं तं तुम्ही ठीक म्हटलं. मोबाइलले आठ सांगितले. त्या मोबाइलले तुम्ही खरं सांगता, मले काऊन नाई?"

मी म्हटलं, तुला उगाच काळजी.

"मले काळजी नाई असं तुम्हाले वाटते का? काळजी हायेच. फक्त आकडा नाई."

 भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी मी बोललो. ती उठून गेली. ह्या आजारात घरच्यांना दारूपेक्षाही न सांगण्याचा त्रास जास्त होतो, हे मला त्या जेवणात कळलं. पण कळलं म्हणून लगेच सुधारलो असं नाही.

शेवंताबाई

आता दुसरी चूक. एका दुपारी शेवंताबाई दुकानात आल्या. वय साठीच्या घरात, बाजारामागे त्यांचं घर. ते मी लावलेल्या तेविसांपैकी एक होतं. त्यांनी नळाची एक तोटी मागितली, उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली.

"भाऊ, तुम्ही माह्या दारात उभं राहून मोबाइलात काय केलं?"

मी खरं ते सांगितलं. दारू सोडतो आहे, कोर्टाची देखरेख आहे, फोनमध्ये ठिकाणं भरावी लागतात, तिकडे गेलो की फोन वाजतो.

"दारू सोडाले नकाशा लागते का?"

"मला लागतो."

"माह्या नवऱ्यानं सोडली होती, तं पायात कोणी घंटी नाई बांधली." त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं. "त्यात आमची सगळ्यांची घरं हाय म्हणते. हा कागद पोलिसाकडं जाईन का?"

मी म्हटलं, पोलिसांकडे नाही, परिविक्षा अधिकाऱ्यांकडे जातो. हे मी बोलायला नको होतं. अधिकारी हा एकच शब्द त्यांनी उचलला. तोटी न घेता त्या गेल्या. आठ दिवसांत सगळीकडे पसरलं की पाइपवाला शेठ खबऱ्या झाला, मोबाइलात अड्ड्यांचा नकाशा काढून सरकारला देतो. पानठेल्यावर मी गेलो की बोलणं थांबायचं. सुधाकर फोनवर म्हणाला, "भाऊजी, पिणारे म्हणून लोकं ओळखत होते, तेच बरं होतं. आता तं तुम्हाले कोणी मारन." त्याने ते थट्टेत म्हटलं होतं, पण त्यानंतर तो रोज फोन करायला लागला.

साक्षगंधाचा दिवस

संगीताच्या चुलतभावाच्या मुलीचं आर्वीला साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. आमंत्रण आलं, पण त्याआधी सुधाकरकरवी निरोप आला की संगीताने यावं, मला जमलं नाही तरी चालेल. अर्थ उघड होता. मागच्या वर्षी त्यांच्याकडच्या एका लग्नात मी जे केलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांचं चूक होतं असंही मी म्हणत नाही. मी संगीताला म्हटलं, तू जा, मला दुकान आहे. ती विचारत राहिली, जाऊ ना? मी म्हटलं, जा ना. नवं लुगडं नेसून ती सकाळच्या एसटीने गेली.

दुपारी मी दुकान बंद केलं. गिऱ्हाईक नव्हतं असं स्वतःला सांगितलं. मग बाजाराच्या बाजूला चालायला लागलो. पहिल्या वर्तुळात शिरताच फोन वाजला. मी तो बंद केला. नुसता आवाज नव्हे, पूर्ण बंद. हे मी शांतपणे केलं, आणि त्या शांतपणाची मला आजही भीती वाटते. त्या क्षणी सुधाकरचे वीस हजार, संगीता, पल्लवी, कोर्ट, सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही पाय चालत होते. हा आजार आहे हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी मी एवढंच सांगू शकतो.

भंगारवाल्याने मला येताना पाहिलं आणि शटर ओढलं. भर दुपारी. पानठेल्यावर गेलो, खिशातून नोट काढली. तो म्हणाला, "काय नाई शेठ इथं. पान लावू का?" मी नोट वाढवली. तो म्हणाला, पान कितीही महाग केलं तरी एवढ्याचं होत नाही. बाजूचे दोघं हसले.

मग शेवंताबाईंकडे. त्या दारात बसून गहू निवडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"बाई, एक द्या."

"कायची?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मोबाइल कुठं हाय?"

"बंद आहे."

त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. "भाऊ, हिशेबाचं माणूस हाय तुम्ही, तुम्हीच सांगा. नकाशा दारू सोडाले काढला, हे खरं असन, तं तुम्हाले दारू कायले देऊ? अन् ते खोटं असन, तं तुम्ही खबऱ्या. मंग तं मुळीच नाई देणार."

मी दारात उभा राहून ते दोन्ही बाजूंनी तपासलं. चूक सापडली नाही. मी म्हटलं, एकदाच. मी म्हटलं, दुप्पट देतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण म्हटलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि माठातलं पाणी घेऊन आल्या. "बसा. प्या. अन् घरी जा. इथं तुम्हाले कोणी नाई देणार, मी सगळ्यायले सांगून ठेवलं हाय. तुमच्या एका क्वार्टरपायी आमच्या दारात जीप नको."

तेवीस ठिकाणांपैकी एकही माझं उरलं नव्हतं. पुलापलीकडे जायला स्कूटर नव्हती. मी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि दोन पेले पाणी प्यायलो.  एवढा वेळ त्या गहू निवडत राहिल्या आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्यांनी ते माझ्या भल्यासाठी केलं नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी मी वाचलो तो त्यांच्यामुळे.

घरी येऊन फोन चालू केला. सुधाकरचे सतरा फोन येऊन गेले होते. माझा संपर्क तुटला की त्याला निरोप जातो, हे मला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने फाटकाशी मोटारसायकल थांबली. आर्वीहून इतका रस्ता तो एका दमात आला होता, आणि मागे संगीता, नव्या लुगड्यावर धुळीचा थर, मांडीवर डबा. अंगठी घालायच्या आधीच दोघं मांडवातून उठून आले होते. आचाऱ्याने डबा भरून दिला होता.

सुधाकर गाडीवरून उतरला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, हँडल धरलेले स्वतःचे हात पाहिले, परत माझ्याकडे पाहिलं. संगीता जवळ आली. मी तोंड फिरवलं नाही. पण तिने वास घेतला नाही. तिने विचारलं, "किती होतं?"

"दहा," मी म्हटलं.

"अन् आता?"

"सहा असेल."

"मंग जेवून घ्या. जिलबी हाय." तिने डबा माझ्या हातात दिला आणि तिथेच पायरीवर बसून रडली. सुधाकर मग उतरला. आम्ही तिघं अंगणात बसून जेवलो. जिलबी मऊ पडली होती. सुधाकर म्हणाला की मांडवात त्याला सगळ्यांनी विचारलं, कोण वारलं का? आणि त्याने सांगितलं, नाही, आमच्या जावयाचा मोबाइल बंद झाला आहे. मुलाकडच्यांना सुधाकर मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात असावा असं वाटलं.

मॅडमचं वाक्य

दुसऱ्याच दिवशी मी मॅडमकडे जाऊन सगळं लिहून दिलं. तीन ठिकाणी गेलो, फोन बंद केला, दारू मिळाली नाही. दवाखान्यात तपासणीही करून घेतली, ती स्वच्छ आली. बंधपत्र मोडलं की नाही ह्याचा निर्णय त्यांच्या अहवालावर होता. त्यांनी बराच वेळ वाचलं. मग लिहिलं, "परिविक्षाधीन व्यक्तीने संयम पाळला."

मी म्हटलं, मॅडम, हे बरोबर नाही. मी संयम पाळला नाही. मला दिली नाही.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुम्हाला सुटायचं आहे की नाही?"

"सुटायचं आहे. पण हे खोटं आहे."

त्यांनी संयमाचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, "दारू घेतली नाही. स्वतः येऊन कळवले." मी म्हटलं, हे बरोबर आहे. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे पाइप घेणारे गिऱ्हाईक फार सहनशील असणार. वरिष्ठांशी त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. देखरेख चालू राहिली. फक्त पुढचे तीन महिने महिन्याऐवजी आठवड्याला हजेरी लागली, आणि ते योग्यच होतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी संगीता आकडा विचारते आणि मी सांगतो. बहुतेक वेळा दोन, तीन. कधी शून्य. एकदा तिनेच सांगितलं की आज तिचा स्वतःचा आकडा सात आहे, कारण मी दुपारी फोन उचलला नव्हता. मी म्हटलं, जेवून घे. पल्लवी हल्ली शनिवारी येते. ती मला आकडा विचारत नाही, पण आईला विचारते, हे मला माहीत आहे.

शेवटी

ह्या जुलैत वर्ष पुरं झालं. सुधाकरचा जामीन सुटला. तो कागद घेऊन तो म्हणाला की पुढच्या वेळी तो फक्त लग्नाच्या पत्रिकेवर सही करेल. सरकारला मला काही भरावं लागलं नाही.

त्याच संध्याकाळी ॲप उघडलं तर ते अडकलं. "आपला देखरेखीचा कालावधी संपला आहे. पुढे चालू ठेवण्यासाठी कृपया निवडा: आपण हे ॲप कोणाच्या सांगण्यावरून वापरता?" खाली तीन पर्याय होते. न्यायालय, अधिकारी, स्वतः. पहिल्या दोघांना फुकट. तिसऱ्याला वर्षाला सहाशे रुपये.

मी संगीताला दाखवलं आणि म्हटलं, हा काय हिशेब आहे? गुन्हेगार होतो तोवर फुकट, आता सुधारलो तर सहाशे?

"मंग बंद करून टाका," ती म्हणाली. "आता तुम्हाले कोणी म्हणून नाई राह्यलं."

ती पोळ्या लाटत होती. तिने वळून पाहिलं नाही, पण लाटणं थांबलं होतं. मी पर्यायांकडे पाहत राहिलो. खरं उत्तर एकच होतं, आणि ते महाग होतं. मी "स्वतः" दाबलं, साथीदाराच्या जागी सुधाकरचं नाव काढून संगीताचं टाकलं, आणि सहाशे रुपये ॲपच्या कंपनीला भरले.